सुक्या बोंबलाचा रस्ता: डहाणू ते तलासरी

डहाणूच्या बंदरावरून पूर्वेकडे निघालं, की जेमतेम तीसेक किलोमीटरच्या आत तीन वेगळे प्रदेश लागतात. पहिला खाडी, खाजण आणि मासेमारी गावांचा. धाकटी डहाणू, वरोर, वाढवण, चिंचणी ही त्यातली गावं, आणि उत्तरेला गुजरातच्या वेशीवरचं झाई. त्याला लागून वाड्यांचा पट्टा आहे: नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. इथे चिकू, नारळ आणि भाजीपाला पिकतो. रेल्वेचे रूळ मागे टाकले की जमीन चढू लागते आणि साग, ताड, मोह, भातखाचरं यांच्यामध्ये विखुरलेले पाडे दिसायला लागतात. तलासरी तालुक्याच्या वाट्याला झाईपुरता समुद्र आला आहे, बाकी तालुका या तिसऱ्या प्रदेशातला.

या तिन्ही ठिकाणची माणसं वेगळी बोली बोलतात, वेगळं पिकवतात आणि वेगळं खातात. किनाऱ्यावर मांगेला, तिथेच थोडं आत भंडारी, वाड्यांमध्ये पारशी-इराणी आणि गुजराती बागायतदार, डोंगराकडे वारली, कोकणा, मल्हार कोळी. यांची नियमित भेट कुठे होत असेल तर ती आठवडे बाजारात. पर्यटक डहाणूला येतो तो समुद्रकिनारा बघायला किंवा वारली चित्रं घ्यायला. मला मात्र वाटतं, हा मुलूख कळायचा असेल तर तलासरी, कासा किंवा उधव्याच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेशी थांबावं.

बाजाराची ही ये-जा किती जुनी असावी याचा एक सुंदर धागा नाशिकच्या पांडवलेण्यांत सापडतो. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा लेख आहे. आपल्या दानांची यादी देताना त्यात म्हटलं आहे, की इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांना फुकट पार होण्यासाठी नावा ठेवल्या. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, आणि दाहनुका ही आपली डहाणूची खाडी. अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी इथे पैलतीरी जाणाऱ्यांची इतकी वर्दळ होती, की नाव ठेवणं हे पुण्यकर्म मानलं जावं. त्या नावांतून काय काय गेलं याची नोंद नाही, पण डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्यात नसेल असं मानणं मला जड जातं.

आता त्या पाटीत काय असतं, ते पाहू. मुंबईहून उत्तरेकडे खंभातच्या आखाताच्या दिशेने जाऊ लागलं, की भरती आणि ओहोटी यांतलं अंतर वाढत जातं. पाण्याला ओढ जबरदस्त असते. या ओढीवरच डोल हे जाळं चालतं. डोल म्हणजे एका टोकाला रुंद तोंड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं होत गेलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात ठरलेल्या जागी पक्कं बांधतात आणि त्याचं तोंड प्रवाहाला सामोरं ठेवतात. बोट मासळीच्या मागे धावत नाही, पाणीच मासळी जाळ्यात आणून सोडतं. प्रवाह फिरायच्या आधी, पाणी थांबल्यासारखं होतं त्या वेळात, जाळं उपसून घ्यायचं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही प्रवाहाबरोबर वाहणारी मासळी डोलीत भरपूर सापडते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणात पाण्याला जोर, म्हणून डोलीला मासळी जास्त, भांगात कमी. त्यामुळे किनाऱ्यावरचा मासळीचा भाव पंधरवड्याच्या तालावर वरखाली होतो. आठवडे बाजार मात्र वारावर चालतो, तिथी बघत नाही. आणि डोंगरातलं गिऱ्हाईक तिसऱ्याच कालगणनेत असतं: भात झोडून झाल्यावर, वीटभट्टीवरून परतल्यावर, होळीच्या आधी किंवा पाऊस लागायच्या तोंडावर त्याच्या हातात पैसा असतो. चंद्राची मासळी, वाराचा बाजार आणि ऋतूचा पैसा. या तिघांची गाठ एरवी क्वचितच पडली असती. ती पडते, कारण मध्ये सुकवण आहे.

बोंबील हा फार नाशवंत मासा. त्याच्या अंगात ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणून उन्हात काही तासांतच तो बिघडायला लागतो. पण हीच त्याची सोयही आहे. मांस मऊ आणि पातळ असल्यामुळे पाणी लवकर बाहेर पडतं, मीठ न लावताही तो खडखडीत वाळतो. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. ना सुई, ना गाठ; माशाचे दातच एकमेकांना धरून ठेवतात. खालून वरून वारा लागतो, पाणी निथळून जातं, आणि ऊन-वारा चांगला असेल तर दोन-तीन दिवसांत मासा तयार होतो. वजन पाच-सहा पटींनी घटतं. म्हणजे जी मासळी ताजी न्यायला बर्फ, पेट्या आणि ट्रक लागला असता, ती एक बाई दोन गोण्यांत बांधून शेअर रिक्षातून नेऊ शकते. जवळा आणि करंदी तर याहून सोपी, सारवलेल्या खळ्यावर पसरली की झालं. वाळलेल्या मासळीत जंतूंना वाढायला पुरेसं पाणी उरत नाही, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. कोरडी राखली पाहिजे, एवढंच.

हे सगळं काम बायकांचं. निवडणं, टांगणं, पावसाचा थेंब पडला की धावत उतरवणं, आणि शेवटी बाजारात बसणं. पुरुष समुद्रावर जातो, पण मासळीची किंमत ठरते ती बायकांच्या हातून. या श्रमाबद्दल आपण फारच कमी लिहिलं आहे.

आठवडे बाजार आठवड्यातून एकदाच का, याचं कारण साधं आहे. एका पाड्याची, अगदी एका गावाचीही खरेदी इतकी नसते, की बांगडीवाल्याचं, भांडीवाल्याचं किंवा मासळीवालीचं दुकान तिथे रोज चालावं. म्हणून गिऱ्हाईक एका जागी राहतं आणि दुकान फिरतं. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. जवळजवळच्या गावांचे वार सहसा एकमेकांवर येत नाहीत, कारण आले तर दोन्ही बाजार पडतील. विक्रेत्याला आठवडाभर धंदा मिळतो आणि पाड्यावरच्या माणसाला चालत जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर एक तरी बाजार मिळतो.

जगात ही रचना अनेक ठिकाणी आहे, पण मोरोक्कोत ती विशेष ठळक दिसते. अटलांटिकच्या किनाऱ्यावर एस्सौइरा नावाचं तटबंदीचं जुनं शहर आहे. पोर्तुगीजांनी १५०६ साली तिथे किल्ला बांधला होता. तेव्हा त्या जागेला मोगादोर म्हणत. त्याच शतकात पोर्तुगीजांनी आपला डहाणूचा किनाराही ताब्यात घेतला, तो १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत त्यांच्याकडे होता. आजचं एस्सौइरा अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद तिसरा याने वसवलं आणि २००१ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या बंदरात सार्डिन उतरते, पण गल्ल्यांमधला बाजार भरतो तो आतल्या मुलखातून: आर्गनचं तेल, थुया लाकडाच्या पेट्या, लोकर. आणि थोडं आत गेलं की दर रविवारी भरणारा हद द्रा नावाचा ग्रामीण बाजार आहे, जिथे जनावरांपासून धान्यापर्यंत सगळं येतं. किनाऱ्यावरचं गाव आणि मागचा डोंगर यांची गाठ मारणारी ही व्यवस्था पाहिली, की डहाणू आणि कासा आठवल्याशिवाय राहत नाही.

मोरोक्कोच्याच सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७८ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. अशा बाजारात सर्वांत दुर्मिळ असते ती माहिती. माल कसा आहे, आज भाव काय, कोण खरं बोलतो, हे कोणालाच पुरतं ठाऊक नसतं. म्हणून माणसं दोन मार्ग काढतात. एक, पुन्हा पुन्हा त्याच विक्रेत्याकडे जायचं. दुसरा, अनेक दुकानांत वरवर भाव विचारण्यापेक्षा एकाच ठिकाणी नेटाने घासाघीस करायची. घासाघीस म्हणजे वेळेचा अपव्यय, असं शहरी माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तो मालाची परीक्षा घेण्याचा मार्ग असतो.

तलासरीच्या सुक्या मासळीच्या रांगेत हे अक्षरशः दिसतं. सुकटीत वाळू किती, बोंबील आतून ओला राहिला आहे का, मागच्या वर्षीचा माल वरून नव्याने झाकला आहे का, हे पाकीट फोडून कळत नाही, कारण पाकीटच नसतं. म्हणून पाड्यावरची बाई मूठभर जवळा हातावर घेते, चोळते, फुंकते, वास घेते. बोंबील वाकवून बघते. चांगला वाळलेला असेल तर कट्कन मोडतो. आणि एवढं करून ती बहुधा नेहमीच्याच मावशीकडून घेते. "मावशी, अजून एक मूठ टाक," हे भाव ठरल्यानंतरचं वाक्य. ती वरची मूठ दिली जातेच. ओल्या मासळीच्या रांगेत वजनकाट्यापेक्षा वाट्याचा हिशेब चालतो: केळीच्या पानावर किंवा प्लास्टिकवर मांडलेला एक ढीग, त्याचा एक दाम. दिवस कलला, की दाम तोच राहतो आणि ढीग मोठा होतो.

या बाजारात जे दिसत नाही, तेही सांगायला हवं. डहाणू-घोलवड म्हटलं की चिकू आठवतो. मूळचा मध्य अमेरिकेतला हा वृक्ष घोलवडला पहिल्यांदा लागला तो १८९८ साली, आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. घोलवडच्या मातीतल्या चुन्याच्या अंशामुळे त्याला खास गोडी येते, असं सांगतात. पण आठवडे बाजारात चिकू आला तर थोडाच, डावललेला. चिकू झाडावर पिकवत नाहीत. पक्व झालेलं पण टणक फळ लांब बांबूच्या टोकाला जाळी लावून उतरवतात. नखाने साल हलकेच खरवडली आणि आत हिरवं दिसलं नाही, पिवळसर दिसलं, की फळ काढणीला आलं. मग चीक धुऊन, आकाराप्रमाणे निवडून ते थेट दूरच्या शहरांकडे रवाना होतं. पिकतं ते वाटेत. २०२१ मध्ये मानांकित चिकू ब्रिटनलाही गेला. वाडीत तो उतरवणारे आणि निवडणारे हात बहुतेक आदिवासी मजुरांचे. मजुरी घेऊन ते आठवडे बाजारात येतात आणि सुकट घेतात. चिकूचा पैसा बाजारात येतो तो या वाटेने.

हा पैसा हातात येणं ही गोष्ट वाटते तितकी जुनी नाही. १९४५ पूर्वी डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांचं आयुष्य वेठबिगारीत जखडलेलं होतं. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडंसं कर्ज घ्यायचं आणि मग नवराबायकोने वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. पावसाळ्यात खायला धान्य नसे, तेव्हा खावटी घ्यायची आणि सुगीला ती वाढीव मापाने फेडायची. ज्याचं पीक खळ्यावरूनच सावकाराच्या घरी जातं, तो बाजारात जाऊन काय घेणार? शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने २३ मे १९४५ रोजी झरी इथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी गवत कापणाऱ्यांनी ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सारा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात नोंदवला आहे. मजुरी रोखीने मागण्याचा आणि मिळवण्याचा हक्क त्या लढ्यातून आला. भाव करणारी, माल नापसंत करून उठून जाणारी वारली बाई आज तलासरीच्या बाजारात आपल्याला सहज दिसते, पण त्या उठून जाण्यामागे हा इतिहास आहे.

झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. १९६० साली दोन राज्यं झाली, उंबरगाव गावासह तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात उरलेल्या गावांचा पुढे तलासरी महाल झाला. जवळच दादरा-नगर हवेली. वारली पाडे या तिन्ही बाजूंना आहेत, आणि नातीगोतीही. त्यामुळे इथल्या बाजारात सीमा जाणवत नाही. एकाच पालाखाली मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली बोली कानावर पडते, आणि भाव सांगताना विक्रेता गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो.

वर्षातला सर्वांत मोठा बाजार मात्र आठवड्याचा नसून यात्रेचा आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ विवळवेढे इथे महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस तिथे यात्रा भरते. पौर्णिमेच्या रात्री जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून आलेला ध्वज घेऊन वाघाडी गावचा आदिवासी पुजारी गडाच्या शिखरावर चढतो आणि तो लावून येतो. यात्रेची वेळ बघण्यासारखी आहे. समुद्रावर मासळीचा हंगाम बराचसा होऊन गेलेला, उन्हं कडक, म्हणजे सुकवण उत्तम. इकडे लग्नसराई, आणि पावसाळ्याला दीड-दोन महिने उरलेले. देवीच्या दर्शनाला आलेलं कुटुंब परतताना सुकी मासळी, कांदे, मसाला, मडकी, विळे-कोयते घेऊन जातं. पोरांच्या हाती फुगा असतो, आणि फुगे बनवणं हा डहाणूचाच जुना उद्योग आहे.

पावसाळ्याची बेगमी सुक्या मासळीवाचून का होत नाही, हे एकदा नीट जुळवून पाहावं. १ जूनपासून मासेमारीला बंदी लागते. बरीच वर्षं ती ३१ जुलैपर्यंत असे. मासळीच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. नेमकं याच वेळी डोंगरात वर्षातलं सर्वांत कष्टाचं काम असतं: चिखलणी आणि लावणी. दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून राबणाऱ्या माणसाला भाकरीबरोबर काहीतरी बळ देणारं हवं, आणि ताजी मासळी तर बंद. ओढ्यातले चढणीचे मासे आणि खेकडे मिळतात, पण ते रोजचे नव्हेत. मूठभर सुकट कांद्यावर परतली, की घरभराचं कालवण होतं. प्रथिनं आणि चव दोन्ही त्यातून मिळतात. मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावरच्या घरातही उरलेल्या सुकवणीच्या विक्रीचाच आधार असतो.

म्हणूनच वाढवणच्या प्रश्नाकडे मला केवळ बंदराचा प्रश्न म्हणून बघता येत नाही. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जागेची मर्यादा घातली गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. वाड्या आणि खाजणं टिकली यात या बंधनांचा मोठा वाटा आहे. आता ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे आणि त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. मच्छीमारांचा विरोध त्यांच्या मासेमारीच्या जागांसाठी आहे, आणि तो मला रास्त वाटतो. डोल जागेला बांधलेली असते. प्रवाह बदलला तर ती दुसरीकडे नेऊन भागत नाही. भरपाईचा हिशेब होईल तो बोटीचा आणि जाळ्याचा होईल. तलासरीच्या बाजारात बसणाऱ्या मावशीचा, आणि तिच्याकडून बेगमी भरणाऱ्या पाड्याचा हिशेब त्यात धरला जावा, असं मला मनापासून वाटतं.

पाऊस लागला की बाजाराचा ओघ उलटा फिरतो. आता माल वरून खाली येतो. डहाणूच्या रस्त्यांवर पाड्यावरच्या बायका रानभाज्यांचे वाटे लावून बसतात: शेवळं, टाकळा, कुरडू, लोत, बांबूचे कोंब, मग कंटोली. या सगळ्यांत शेवळाचा मान मोठा. पहिल्या सरींबरोबर उगवणारं हे सुरणाच्या कुळातलं फूल, हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, टोकदार स्फटिक असतात आणि तेच घशाला खाजतात. म्हणून विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची आंबट हिरवी फळंही देते. ती वाटून त्यांचा रस घातला की खाज मरते. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल चालतं. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकी बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. आणि डहाणूच्या पुष्कळ घरांत त्यात कोलंबी किंवा सोडे पडतात.